कापसाचा काटा, सोन्याचा काटा

शंभर पौंडांचं धनुष्य म्हटलं की समोरचा आधी माझ्या दंडाकडे बघतो आणि मग हसतो. त्याला वाटतं, धनुष्याचंच वजन शंभर पौंड. तसं नसतं. काट्यावर ठेवलं तर ते जेमतेम किलोभर भरतं. शंभर पौंड लागतात ते दोरी मागे ओढून धरायला. शंभर पौंड म्हणजे पंचेचाळीस किलो, म्हणजे हल्लीची युरियाची एक भरलेली गोणी. ती तीन बोटांच्या पेरांवर पेलायची, दुसरा हात तेवढ्याच जोरानं पुढे रेटायचा, आणि हे चालू असताना नजर लांबच्या खुणेवर ठेवायची. चोपडा तालुक्यात गोणी पाठीवर टाकणारे पैशाला पासरी मिळतील. पण पाठ वेगळी आणि पेरं वेगळी.

असं एक धनुष्य मी बनवलं आहे. मला ते पुरतं ओढता येत नाही, आणि लाकडाला पहिला घाव घातला तेव्हाही हे मला ठाऊक होतं.

सातपुड्याच्या पायथ्याशी राहून तिरकमठा बघितला नाही असा माणूस सापडायचा नाही. होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारात पावरा आदिवासींची पोरं तो खांद्याला अडकवून मिरवतात. मग हे जड खूळ कुठून आलं? माझ्यापुरतं सांगायचं तर एका बुडालेल्या जहाजातून. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं ‘मेरी रोज’ हे लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथजवळच्या समुद्रात बुडालं. त्याची एक बाजू तळाच्या गाळात रुतून राहिली आणि १९८२ साली ती वर काढली गेली. त्या गाळानं १३७ अख्खी धनुष्यं आणि सुमारे साडेतीन हजार बाण सांभाळून ठेवले होते. धनुष्यं यू नावाच्या झाडाच्या एकसंध लाकडाची, १.८७ ते २.११ मीटर लांबीची, म्हणजे उभी केली तर धरणाऱ्याच्या डोक्याच्या वर जाणारी. त्यांच्या हुबेहूब नकला करून ओढून बघितल्या तेव्हा जोर १०० पासून १८५ पौंडांपर्यंत निघाला. ऑलिम्पिकमधले पुरुष तिरंदाज पन्नासच्या आसपास ओढतात, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

धनुष्यांपेक्षा मला जास्त गुंतवलं ते त्या जहाजावरच्या सांगाड्यांनी. खांद्याच्या पात्याच्या टोकाला हाडाचा एक तुकडा असतो. माणूस विशी ओलांडेपर्यंत तो मूळ हाडाला जुळून येतो. त्या खलाशी-सैनिकांपैकी बऱ्याच जणांचा तो जुळलेलाच नव्हता. पोरवयापासून जड धनुष्य ओढल्यामुळे असं झालं असावं, असं हाडांच्या अभ्यासकांचं म्हणणं. हाड पक्कं व्हायच्या आत त्याला सवय लावायची, तेव्हा कुठे दीडशे पौंड कानापर्यंत येतात. चाळिशीत हौस म्हणून सुरू करणाऱ्याला ते दार बंदच. बनवणाऱ्याला मात्र वयाची अट नाही.

आणि जड धनुष्य ही काही विलायतेची मक्तेदारी नाही. सिकंदराबरोबर आलेल्या नीआर्कसच्या टिपणांवरून एरियन या ग्रीक इतिहासकारानं भारतीय पायदळाचं वर्णन केलं आहे. धनुष्य माणसाच्या उंचीचं. त्याचं टोक जमिनीवर टेकवायचं, डाव्या पायानं दाबून धरायचं आणि दोरी पार मागे खेचायची. बाण जवळजवळ तीन हात लांब, आणि तो सुटला की ढाल काय, चिलखत काय, काहीच टिकत नाही. इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरस हरला, त्याच्या कारणांत कर्टियस नावाच्या रोमन लेखकानं चिखलही धरला आहे: निसरड्या जमिनीवर धनुष्याचं टोक ठरेना. पावसाळ्यात काळ्या रानात एकदा चालून आलेल्या माणसाला हे कारण समजावून सांगावं लागत नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर शस्त्रागाराची यादीच आहे. धनुष्यं चार तऱ्हेची: ताडाची, बांबूची, लाकडाची आणि शिंगाची. दोऱ्या मूर्वेच्या, रुईच्या, तागाच्या, गवेधूच्या, बांबूच्या आणि स्नायूच्या. बांबूची दोरी वाचून मी थबकलो होतो. ती यादीतून उचलून थेट सातपुड्यातल्या धडगावच्या बाजारात आणून ठेवावी, अशी आजही चालू आहे. भिल्ल-पावऱ्यांच्या तिरकमठ्याला बांबूच्याच सालपटाची दोरी असते, दोन्ही टोकांना सुतळी किंवा तातीनं आवळलेली. ओल्या दिवसांत सूत सैल पडतं, ती पडत नाही.

तर लाकूड. यू आमच्याकडे कुठला असणार! खान्देशचं म्हणून जे झाड सांगावं ते अंजन. त्याचं लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. पण मला जड लाकूड नको होतं, वाकून परत येणारं हवं होतं. सुतारआप्पांना विचारलं तर त्यांनी मान वर न करता सांगितलं, “धामण.” कुऱ्हाडीचा दांडा, कावडीची काठी, गाडीची दांडी, जिथे जिथे लाकडाला हिसका बसतो आणि तरी त्यानं तुटायचं नसतं तिथे जुने लोक धामण घालत. जंगलातून ती आणायची सोय नाही आणि आणूही नये. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बांधावरची धामण, मे महिन्याच्या शेवटी आमच्याकडे येतं तसल्या एका वादळात, बुंध्यापासून मोडली. त्याच वाऱ्यानं त्याची कापणीला आलेली केळीही आडवी केली. पंचनामा केळीचा झाला. धामणीला कोण विचारतो?

ओंडका उभा फाडायचा तो करवतीनं नव्हे, पाचरी ठोकून. करवत आपल्या मनानं सरळ जाते. लाकडाच्या रेषा मात्र जिथे झाड वाकलं असेल तिथे वाकतात. धनुष्यात एकही रेषा मधूनच तोडून बाजूला काढायची नसते, कारण ताण पडला की तडा नेमका त्या तुटक्या रेषेवरून धावतो. फाडून झालं की आत तांबूस-तपकिरी गाभा आणि बाहेर पांढुरकी कड दिसते. दोन्ही टोकांना फेविकॉलचा जाड थर दिला. लाकडातलं पाणी टोकांतून सगळ्यात घाईनं निघतं आणि टोकं चिरतात, म्हणून. जळगाव-भुसावळकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तर उघडं टोक आठवड्यात फुलीसारखं तडकतं. दांडा कापसाच्या खोलीत, आढ्याला, सावलीत बांधून ठेवला. बांधला तो पुढच्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच सोडला.

सोडल्यावर आप्पांच्या वाकसानं ढोबळ आकार. धनुष्याला पाठ असते आणि पोट असतं: पाठ समोरच्या लक्ष्याकडे, पोट आपल्याकडे. वाकल्यावर पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. लाकूड ताण बऱ्यापैकी सोसतं, दाब त्या मानानं कमी. म्हणून पाठीला हात लावायचा नाही. सालीखालून जी निघाली तीच राहू द्यायची. जे काय खरवडायचं ते पोटाकडून. यूमध्ये निसर्गानंच वाटणी करून ठेवलेली असते: बाहेरचं कोवळं लाकूड ताणाला चांगलं, आतला गाभा दाबाला. धामणीत एवढी चोख वाटणी नाही, त्यामुळे पोट थोडं रुंद आणि चपटं ठेवलं. इंग्लिश धनुष्यासारखं फुगीर पोट दिसायला देखणं असतं खरं, पण माझ्या लाकडाला ते झेपलं नसतं.

इथपर्यंत अंगमेहनत. खरं काम सुरू होतं ते दोन्ही हातांची जुळवणी करताना. मुठीच्या वरचा एक हात, खालचा एक हात. दोन्ही सारखे वाकले पाहिजेत. लाकूड दोन्हीकडे सारखं नसतं, म्हणून मापं सारखी करून उपयोग नाही, वाक सारखा करावा लागतो. आणि या कामात एक गणित सारखं मानगुटीवर असतं. रुंदी दहा टक्क्यांनी कमी केली तर ताठरपणा दहा टक्क्यांनीच उतरतो. जाडी दहा टक्क्यांनी कमी केली तर सत्तावीस टक्क्यांनी. जाडीचा घन लागतो. कानशीचे चार हात इकडे-तिकडे झाले की शंभराचं धनुष्य ऐंशीचं होऊन बसतं, आणि काढलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही.

यासाठी शेतातल्या निंबाच्या खोडाला एक खोबण असलेली फळी ठोकली. धनुष्य मूठ धरून तिच्यावर आडवं बसवायचं, दोरीला आकडा अडकवायचा, आकड्याला काटा, काट्याला दोर, दोर खालच्या कप्पीतून लांब. म्हणजे ओढणारा दहा पावलांवर उभा राहतो. दांडा फुटलाच तर चिरफळ्या त्याच्या तोंडावर येत नाहीत, आणि शिवाय त्याला अख्खा वाक समोरून दिसतो. काटा कुठला? वेचणीचा कापूस तोलायचा. दिवाळीच्या आसपास ज्याच्यावर बाया दिवसभराची ओझी अडकवतात आणि किलोमागे मजुरी ठरते, तोच आकड्याचा डिजिटल काटा. त्याला शंभर किलोपर्यंत जाता येतं आणि तो खोटं बोलत नाही. खोटं बोलला असता तर बायांनी त्याला केव्हाच विहिरीत टाकला असता.

नियम एवढाच: शेवटी जेवढा जोर हवा त्यापेक्षा एक किलोही जास्त, मधल्या कुठल्याच टप्प्यावर, ओढायचं नाही. सुरुवातीला दांडा इतका ताठ असतो की हातभरही न वाकता काटा पंचेचाळीस दाखवतो. थांबायचं. बघायचं. कुठला भाग काठीसारखा सरळ राहिलाय? तिथे पेन्सिलीनं रेघा मारायच्या, रेघा जाईपर्यंत कानस, मग पुन्हा फळीवर, पुन्हा दोर, आणि आता लाकडाला नवी सवय लागावी म्हणून सावकाश वीस-तीस हिसके. कानशीनं भुरा जाड पडतो. शेवटाकडे काचेच्या तुकड्यानं खरवडायचं, तेव्हा मुंजीतल्या केसांसारख्या बारीक बटा निघतात. जिथे जास्त वाकतंय तिथे हात लावायचा नाही, हे लिहायला सोपं आहे. हात नेमका तिकडेच जातो, कारण तिथे काहीतरी चाललेलं दिसतं. काम असतं ते जिथे काहीच होत नाहीये तिथे.

आणि कान उघडे ठेवायचे. पोटावर दाब झेपेनासा झाला की आधी एक अगदी बारीक ‘टिक्’ येतं. नखानं चाचपलं तर केसाएवढी आडवी सुरकुती लागते. उजेडात तिरपं धरल्याशिवाय ती दिसत नाही. खालच्या हातावर, मुठीपासून वीतभर, तशी एक आली. तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड उतरवलं, म्हणजे वाक पसरला आणि तिच्या एकटीवरचा भार कमी झाला. ती आजही तिथेच आहे, पुढे सरकलेली नाही. धनुष्यानं दोरी उतरवल्यावरही थोडा वाक धरून ठेवला आहे, इंचभराहून जास्त. तेही ठीक. कोणत्याही लाकडी धनुष्याला ते होतंच.

एक गोष्ट मात्र आमच्या हवेची. एप्रिल-मे मध्ये लाकूड इतकं कोरडं होतं की काटा किलो-दोन किलो जास्त दाखवतो, पण तेव्हाच ते मोडायलाही टेकलेलं असतं. श्रावणात तेच धनुष्य मवाळ पडतं, ओढायला हलकं आणि सोडायला आळशी. थंडीत, वांग्याच्या भरताच्या दिवसांत, ते ठिकाणावर येतं. म्हणून खरा जोर सांगायचा तो हिवाळ्यातला: तीस इंचांवर ४६ किलो, म्हणजे शंभर पौंडांच्या किंचित वर.

दोरीवर जास्त लिहीत नाही. जोराच्या चौपट ताण सोसेल एवढी हवी, असा दंडक आहे. तागाची वळून बघितली, मेण चोळलं, दिसायला झकास. पण रोज लावायला पॉलिएस्टरचीच ठेवली आहे. धनुष्याच्या टोकांना म्हशीच्या शिंगाच्या खोबणी बसवल्या, नाहीतर एवढ्या जोराची दोरी लाकडात रुतते.

आता बाण. लोकांना बाण म्हणजे किरकोळ काम वाटतं. माझं उलट मत झालं आहे. धनुष्य एकदाच जुळवायचं असतं, बाण एकमेकांशी जुळवायचे असतात आणि वर धनुष्याशीही.

सुटतानाचा बाण सरळ जात नाही. दोरी मागून ढकलते, टोकाचं लोखंड पुढे जायला नकार देतं आणि मधली काडी वाकते; धनुष्याच्या मुठीला वळसा घालून, सापासारखी वळवळत ती बाहेर पडते आणि मग हळूहळू सरळ होते. संथ केलेल्या चित्रणात हे बघताना अंगावर काटा येतो. काडी जास्त लवचीक असेल तर एवढ्या जोरात ती एका बाजूला फेकली जाते, किंवा मुठीपाशीच तिच्या चिरफळ्या होतात; जास्त ताठ असेल तर दुसऱ्या बाजूला जाते. म्हणून काडी तोलायची तशी तिची लवणही मोजायची. दोन खिळे सव्वीस इंचांवर, त्यांवर काडी आडवी, मधोमध दोन पौंडांचं, म्हणजे ९०७ ग्रॅमचं वजन, आणि काडी किती लवते ते बघायचं. सव्वीसला त्या लवणीच्या इंचांनी भागलं की काडी किती पौंडांच्या धनुष्याची ते कळतं. शंभराला ती साडेसहा मिलिमीटरच्या आसपास लवली पाहिजे. वजन म्हणून माझ्याकडे पाण्याची बाटली आहे, ९०७ ग्रॅमवर नेमकी भरलेली.

ती भरली सराफाच्या काट्यावर. कापसाच्या काट्यावर बाण ठेवला तर आकडा हलतच नाही, म्हणून गावातल्या सराफ मित्राकडे काड्यांची जुडी घेऊन जायला लागलो. जिथे गिऱ्हाईक श्वास रोखून मंगळसूत्राच्या वाट्यांचं वजन बघतं, तिथे माझ्या बांबूच्या काड्या. नेम असा, की धनुष्याच्या दर पौंडामागे बाण दहा ग्रेनचा असावा. शंभराला हजार ग्रेन, म्हणजे ६५ ग्रॅम. त्याहून फार हलका बाण वेगानं जातो, पण तो धनुष्यातली ताकद पुरती नेत नाही. उरलेली धनुष्याच्याच हातांत थरथरते आणि एक दिवस ते मोडते. रिकामी दोरी सोडू नये, असं म्हणतात ते यासाठीच. ग्रेन हे सराफाला ऐकून माहीत होतं: जुना तोळा नेमका १८० ग्रेनचा. आता तो दहा ग्रॅमचा तोळा धरतो. “म्हणजे जुन्या हिशेबानं साडेपाच तोळ्यांचा बाण,” तो म्हणाला, “आणि मारून रानात फेकायचा?”

काड्या मानवेलीच्या. हा बांबू बारीक असताना जवळजवळ भरीव निघतो आणि त्याच्या तंतूंची सगळी दाटी बाहेरच्या सालीत असते. म्हणून सालीला रंधा लावायचा नाही, फक्त पेरांच्या गाठी घासायच्या. वाकडी काडी शेगडीच्या निखाऱ्यावर फिरवायची, साल चकाकायला लागली की गुडघ्यावर हलकेच दाबून सरळ करायची आणि गार होईपर्यंत तशीच धरायची. शेतातल्या बांबूला २०१७ पासून कायद्यात झाड धरत नाहीत, त्यामुळे कापायला-न्यायला कटकट नाही. कटकट पुढे आहे. काडीची जाडी दहा टक्क्यांनी वाढली तर वजन एकवीस टक्क्यांनी वाढतं, पण ताठरपणा सेहेचाळीस टक्क्यांनी. त्यामुळे वजनाला जुळलेल्या काड्या लवणीला फिसकटतात आणि लवणीला जुळलेल्या वजनाला. भारा घेऊन बसावं तेव्हा डझनभर हाताला लागतात. बाकीच्या टोमॅटोला आधार म्हणून जातात. मागच्या खाचेत शिंगाची चपटी पट्टी घालायची, दोरीच्या धक्क्यानं काडी चिरू नये म्हणून. मेरी रोजच्या बाणांतही ती असे. पिसं राखणीला पाळलेल्या राजहंसांची, आणि एका बाणाची तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखातली. डाव्या-उजव्या पंखांतली मिसळली की एक पीस बाणाला इकडे फिरवतं, दुसरं तिकडे.

हे सगळं माझ्या एका पावरा मित्राला दाखवलं. यावल अभयारण्याच्या कडेला त्याची शेती आहे. शिकार कधीच बंद झाली, पण घरात तिरकमठा आहे आणि पोरांना निशाण शिकवतो. त्यानं माझे बाण एकेक करून हातात फिरवले, खाली ठेवले, परत उचलले. म्हणाला, “यातला कुठला कुठला, ते तुला कसं कळतं?” मी म्हटलं, कळत नाही, कळू नये म्हणूनच तर एवढं केलं. त्याला ते काही पटलं नाही. त्यानं आपले आणून दाखवले. एकसारखे दोन नव्हते. एक जाड, एक किंचित वाकडा, एकाला दोनच पिसं. “हा जरा डावीकडे जातो. हा लांब जात नाही, पण जवळून बसतो.” प्रत्येकाची सवय त्याला ठाऊक, आणि तेवढं मनात धरून तो मारतो. पंधरा-वीस पावलांवर, स्वतःच्या हातानं, स्वतः केलेला बाण. झाडीत त्यापेक्षा लांबचं दिसतच नाही.

तेव्हापासून मला युद्धधनुष्य म्हणजे ताकदीची वस्तू वाटेनाशी झाली. ती सैन्याची वस्तू आहे. इंग्लिश सैन्यात बाण चोवीसच्या जुडीनं वाटत. कुणी केलेला, कुणाच्या हातात, हे कुणी विचारत नसे. असला बाण ओळखीचा असून चालत नाही. आणि सारखेपणाची ही भूक फार मोठी असते. १४७२ मध्ये इंग्लंडच्या राजानं कायदाच केला, की बंदराला लागणाऱ्या जहाजानं दर टन मालामागे धनुष्याचे चार दांडे आणावेत. १४८४ मध्ये मद्याच्या दर पिंपामागे दहा. यू सावकाश वाढतो, तोड मात्र सावकाश झाली नाही; युरोपातली यूची रानं त्यात उजाड झाली.

आमच्याकडे सरकारनं धनुष्यांची दखल वेगळ्या कारणानं घेतली. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्ल पलटण उभी केली आणि तिरकमठेवाल्यांच्या हातात बंदूक दिली. १८५८ मध्ये सातपुड्यात आंबापाणीला खाज्या नाईक आणि भीमा नाईक या भिल्ल पुढाऱ्यांची माणसं इंग्रजांशी लढली. आणि मग १८७८. त्या एकाच वर्षी वन कायदा आला आणि शस्त्र कायदाही आला. शस्त्र कायद्याच्या व्याख्येत तोफा, बंदुका, तलवारी, भाले यांच्या ओळीत धनुष्यबाणही होते. लाकूड एका कायद्यात, त्याचं केलेलं हत्यार दुसऱ्यात. मित्राला हे सांगितलं तर तो नुसता “हां” म्हणाला. त्याच्या घराण्याला ते सांगणारा मी कोण!

धनुष्याची खरी परीक्षा शेतातच झाली, भरताच्या पार्टीला. नाल्याच्या बांधाला कापणी झालेल्या केळीचे खांब रचले, दोन-दोनच्या थरानं. पलीकडे रिकामं रान, माणूस-काणूस कुणी नाही याची खात्री करून. केळीच्या खांबासारखं निशाण नाही. ओला, भुसभुशीत, बाणाला इजा करत नाही. फक्त चीक लागतो आणि काडीवर तपकिरी डाग कायमचे राहतात. मित्राचा बाण हातभर आत जाऊन थांबला. मी पंचवीस इंचांपर्यंत ओढलं, त्यापुढे खांदा ऐकेना. तेवढ्यावरही बाण पहिला खांब पार करून दुसऱ्यात शिरला.

वांगी भाजणाऱ्यांपैकी एकानं तुरीची काटकी विस्तवात सारत विचारलं, “काय भो, कोनाले मारशीन याच्यानं?” दुसरा म्हणाला, “त्याच्यानं वढलं तं जाऊ दे आधी.” तिसऱ्यानं एकलव्याचा विषय काढला, की भिल्ल अंगठा न लावता बाण ओढतात ते त्याच्यासाठी. आमच्याकडे हे सगळेच सांगतात. मी म्हटलं, मग इंग्रजही एकलव्याचेच म्हणायचे. त्यांचीही दोरी तीन बोटांवरच. अंगठ्यानं ओढणारे ते मोगल, तुर्क. त्यांना अंगठ्यात दगडाची नाहीतर हाडाची कडी घालावी लागे. यावर बराच वाद झाला आणि भाकरी गार झाल्या.

मग मार्केट यार्डात हमाली करणारा आणि पहाटे तालमीत जाणारा एक पैलवान उठला. त्याला आधी सांगितलं, हातानं ओढू नको, पाठीनं ओढ. दोन्ही पाती एकमेकांकडे आण. त्यानं मूठ धरली, दोनदा नुसताच अंदाज घेतला आणि तिसऱ्यांदा दोरी सावकाश, अजिबात न हिसकता, गालाच्या मागे नेली. निंबावरच्या फळीवर जो वाक मी इतके दिवस बघत आलो होतो तो पहिल्यांदाच माणसाच्या हातात दिसला: वरचा-खालचा हात सारखा, मूठ स्थिर. सोडला. दोन्ही खांब पार करून बाण मागच्या बांधात गेला, आणि काळ्या मातीतून तो उपटायला कुदळ आणावी लागली.

पैलवानानं बोटांची पेरं चोळली, धनुष्य खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, “हे हलकं आहे. मले एकशेतीसचं करून दे.”

मी म्हटलं, लाकूड आण, करतो. किती घेशील, त्यानं विचारलं. मी आकडा सांगितला.

“एवढ्यात तं बकरी येते भो!”

“येते ना. आन् बानांचे वेगळे.”